रात्री सीपॅप लावतो, पहाटे मास्क उशाशी सापडतो: नेमकं काय तपासायचं?

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडणाऱ्यांना (स्लीप ॲपनिया) मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घेऊन महिना-दोन महिने झाले की एक तक्रार हमखास येते. "मास्क लावून झोपतो. सकाळी बघतो तर तो उशाशी पडलेला, आणि मी तो कधी काढला ते मला अजिबात आठवत नाही." ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळींत मशीनवाले आता बरेच झालेत. लष्कर भागापासून मुरारपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या घरी रात्री ती बारीक सूं-सूं चालू असते. हा प्रश्न कडाक्याच्या थंडीत एकदा येतो आणि कूलर बाहेर काढले की पुन्हा एकदा येतो. डॉक्टर म्हणतात, सवय होईल. दुकानदार म्हणतो, मास्क बदला. दोघांचंही कधीकधी खरं असतं. पण सवयीची वाट पाहण्याआधी आणि नवा मास्क घेण्याआधी एक साधी गोष्ट बघा: मास्क निघाला किती वाजता?

झोपेत हात उगाच वर जात नाही. काहीतरी बोचतं, कोरडं पडतं, गुदमरतं किंवा ओलं होतं, आणि शरीर ते झटकून टाकतं. त्या त्रासांच्या वेळाही बहुधा ठरलेल्या असतात. झोपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात निघणारा मास्क, रात्री दोन-अडीचला निघणारा मास्क आणि पहाटे पाचला निघणारा मास्क ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींवर एकच औषध मारलं की पैसे जातात आणि मशीन कपाटात जातं.

आधी एक गैरसमज. "चार तास तरी लावला ना, मग झालं" असं पुष्कळ जण समाधान करून घेतात. हा चार तासांचा आकडा अमेरिकेतल्या विम्याच्या नियमातून आला आहे: ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर असेल, तर रुग्ण मशीन नियमित वापरतो असं धरायचं. तो हिशेबासाठी काढलेला आकडा आहे, उपचाराची मात्रा नव्हे. शिवाय स्वप्नांची झोप, म्हणजे रेम, रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत ढिले पडतात आणि बहुतेकांचा श्वास तेव्हाच जास्त वेळा आणि जास्त वेळ अडतो. म्हणजे तीनला मास्क निघाला, तर ज्या तासांसाठी मशीन घेतलं ते तासच उघडे राहतात. सकाळी डोकं जड, दुपारी खुर्चीत डुलकी, बीपी काही केल्या खाली येत नाही, आणि वर "मशीन लावूनही काही फरक नाही" असा निष्कर्ष.

वेळ कशी काढायची? सकाळी उठल्या उठल्या मशीनच्या पडद्यावर रात्रीचा वापर बघा. अकराला झोपलात आणि वापर ३.२ तास दिसतोय, म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला खेळ संपला. हा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या त्या-त्या चौकटीत लिहून ठेवा, त्याच्या शेजारी लीक, म्हणजे गळणारी हवा, आणि एएचआय. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास निदान १० सेकंद थांबला किंवा फारच उथळ झाला. ज्यांच्या मशीनमध्ये एसडी कार्ड आहे आणि घरात कॉम्प्युटरवर बसणारं कोणी आहे, त्यांनी ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकून घ्यावं. मशीन त्यात चालत असेल तर रात्रीचा मिनिटामिनिटाचा आलेख दिसतो. पण त्यावाचून अडत नाही. कालनिर्णय पुरतो.

लीकच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरपेक्षा जास्त लीक झाली की ती मोठी धरतात. इतर काही कंपन्यांची मोजण्याची पद्धत वेगळी असते. मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवाही त्या आकड्यात येऊ शकते. त्यामुळे तुमचा आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून बघू नका. कालच्या आपल्याच आकड्याशी ताडा.

पहिल्या तासातच निघतो

इथे बहुतेकदा हवा जास्त होत नसते, कमी पडत असते. हे ऐकून लोक चकित होतात. मशीन सुरुवातीला हळू चालतं, त्याला रॅम्प म्हणतात. पुष्कळ मशीनमध्ये रॅम्प ४ पासून सुरू होतो आणि ४ हा मशीनचा सर्वांत कमी दाब. लहानखुऱ्या बाईला तो पुरतो. धिप्पाड माणसाला मात्र उशी तोंडावर धरल्यासारखं वाटतं, आणि तो डोळा लागायच्या आतच मास्क उपटतो. सुरुवातीचा दाब थोडा वाढवून मागा. रॅम्पची वेळ कमी करून बघा. उलट श्वास सोडताना जोर लागत असेल, तर श्वास सोडताना दाब कमी करणारी सोय बहुतेक मशीनमध्ये असते. ती चालू आहे का, ते बघा. या सोयी साधारणपणे रुग्णाला दिसणाऱ्या मेनूतच असतात. मुख्य दाबाचा मेनू मात्र वेगळा आणि झाकलेला असतो. युट्यूबवर तो उघडायची युक्ती सापडते, म्हणून तिथे हात घालू नका. तो डॉक्टरांचा प्रांत आहे.

बंदिस्तपणाची भीती असेल, तर दिवसा टीव्ही बघताना मास्क लावून बसा, आधी नुसता आणि मग मशीन चालू करून. झोपेचा प्रश्न झोपेतच सोडवायला गेलं की मेंदू अंथरुणालाच घाबरायला लागतो.

मध्यरात्री निघतो: लीक आणि उघडं तोंड

सर्वांत जास्त लोक या गटात असतात, म्हणून जरा सविस्तर.

मास्क गळायला लागला की माणूस पहिल्यांदा पट्टे आवळतो. गळती वाढते. आणखी आवळतो. सकाळी नाकाच्या मुळाशी लाल वळ. याचं कारण मास्कच्या रचनेत आहे. बऱ्याच सिलिकॉन कुशनला आत एक पातळ पापुद्रा असतो, आणि तो आतल्या हवेने फुगून गालाला चिकटतो. पट्टा करकचून ओढला की पापुद्रा दबतो, फुगायला जागाच राहत नाही, आणि हवा डोळ्यांकडे निसटते. म्हणून मास्क बसवायचा तो आडवं पडून, मशीन चालू करून, झोपतानाच्या दाबावर. काही मशीनमध्ये यासाठी मास्क फिट नावाची सोय असते. पट्टे ढिले करा, मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढा, हवा आत भरू द्या आणि अलगद सोडा. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे ओढा, गळती थांबेल तेवढेच. पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. मग कुशीवर वळून बघा. बसल्या बसल्या आरशासमोर नीट बसवलेला मास्क आडवं पडल्यावर सरकतो, कारण गालही खाली सरकतात.

तेल. झोपताना चेहऱ्याला खोबरेल किंवा कोल्ड क्रीम, ही आपल्या घराघरातली थंडीतली सवय. त्यावर सिलिकॉन टिकत नाही. क्रीम संध्याकाळी लावा, झोपताना चेहरा धुऊन पुसा. नाकाला व्हॅसलीन फासून मास्क लावू नका. कुशन रोज सकाळी साध्या सौम्य साबणाने धुतलं की त्याची पकड परत येते. तरी गळत असेल, तर कुशन उजेडात धरून बघा: पिवळट, कडक, कडेला सुरकुत्या. ते संपलं. कुशन ही झिजणारी वस्तू आहे. आपल्याकडे ती मशीनसोबत आली म्हणून मशीनइतकीच वर्षं टिकावी अशी अपेक्षा असते, आणि सगळा घोळ तिथेच. पूर्ण मास्क घ्यायची गरज नसते. पुष्कळ मास्कचं नुसतं कुशन मिळतं, ते मागा.

मिशांचाही एक मुद्दा आहे. चंबळच्या मुलखात राहून मिशा उतरवा असं कोणाला सांगायची माझी प्राज्ञा नाही. पण नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कखाली भरघोस मिशा असल्या की वरच्या ओठाशी हवा निसटणारच. नाकपुड्यांत बसणारा लहान मास्क मिशांशी नीट नांदतो.

आता तोंड. फक्त नाकावरचा मास्क असेल, लीक मोठी दिसत असेल आणि मध्यरात्री जीभ टाळूला चिकटून जाग येत असेल, तर तोंड उघडं पडतंय. नाकातून आत ढकललेली हवा तोंडातून बाहेर निघून जाते आणि घशात दाब राहत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, मशीन चालू असतं आणि हे तरी घोरतात, ते कसं?" ते असं. मशीन चालू असताना घोरणं ऐकू आलं, तर लीक बघा. लीक नसेल, तर दाब कमी पडत असेल. शेजारी झोपणाऱ्या माणसाइतका चांगला मीटर दुसरा नाही. त्यांना विचारा.

तोंड का उघडतं? बहुतेक वेळा नाक बंद असतं म्हणून. हनुवटीचा पट्टा घ्यायच्या आधी नाकाकडे बघा. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं उपयोगी पडतं. पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाचं कच्चं नाही. ॲलर्जीचा स्प्रे डॉक्टरांनी दिला असेल, तर तो रोज घ्यायचा असतो, आठवण येईल तेव्हा नाही. नाक झटक्यात मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनसारखे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, की सोडल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. कित्येकांची सीपॅपची तक्रार खरं तर या थेंबांची तक्रार असते. नाकाचा पडदा वाकडा असेल, तर कान-नाक-घशाचे डॉक्टर सांगतील. नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल, तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. ओठांवर चिकटपट्टी लावायचं जे फॅड सध्या मोबाइलवर दिसतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. नाक चोंदलं किंवा उलटी झाली तर श्वासाला वाटच राहत नाही.

रात्री एखादा पेग घेणाऱ्यांसाठी: दारूने घशाचे स्नायू आणखी ढिले होतात. त्या रात्रीचे आकडे कालनिर्णयमध्ये वेगळ्या रंगाने लिहा. बोलायची गरज उरत नाही.

पहाटे निघतो: नळीतलं पाणी

ग्वाल्हेरची थंडी माहीत आहे त्याला हे पटकन कळेल. जानेवारीत पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. जुन्या घरांची दगडी पाट्यांची छतं तर पहाटेपर्यंत बर्फ होतात. मशीनची टाकी पाणी गरम करून दमट हवा नळीत सोडते, ती सहा फुटांच्या गार नळीतून येता येता थंड होते आणि तिचं पाणी होतं. चारच्या सुमाराला नळीत गुडगुड सुरू होते, मग नाकात थेंब टपकतो. झोपेतला माणूस जे करायचं तेच करतो.

पहिला उपाय फुकटचा: मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा. उशाच्या फळीवर किंवा कपाटावर ठेवलेल्या मशीनच्या नळीतलं पाणी उताराने थेट नाकाकडे येतं. बुटक्या स्टुलावर ठेवलं, तर ते टाकीकडे परत जातं. नळीला मधे जमिनीवर झोळ पडू देऊ नका, त्यात पाणी साचतं.

दुसरा उपाय, नळी रजईच्या आत घ्या. तिसरा, नळीला कपडा घाला. विकत मिळतो, पण वर सांगितलेल्या वहिनींनी जुन्या शालीची सहा फुटी पट्टी लांबीत दुमडून शिवली आणि कडेला टिचबटणं लावली, धुवायला काढता यावी म्हणून. त्यांच्या घरातली गुडगुड त्यावर थांबली. शिवताना दोन्ही टोकांचे जोड मोकळे ठेवा. मास्कची हवा सोडणारी बारीक भोकं आणि मशीनमागची हवा खेचायची जागा कधीही झाकू नका.

चौथा, दमटपणा एक-दोन अंकांनी खाली आणा. एकदम बंद करू नका. मग घसा कोरडा पडेल आणि आपण पुन्हा मध्यरात्रीच्या गटात जाऊन बसू. एवढं करून भागलं नाही, तर गरम होणारी नळी. तुमच्या मॉडेलला ती बसते का, हे विचारूनच घ्या.

मे-जूनमध्ये उलटं होतं. बाहेर ४५ अंश आणि कोरडी लू, पण आत कूलर. कूलरची हवा आधीच दमट असते, तिच्यात टाकीचा दमटपणा मिसळतो, आणि गार झोत नळीवर पडत असेल तर भर उन्हाळ्यातही नळीत पाणी होतं. लोक म्हणतात, "थंडीतला प्रॉब्लेम आता कसा?" कूलरच्या झोतातून मशीन बाजूला घ्या आणि दमटपणा कमी करा. खोलीत एसी असेल, तर हवा कोरडी होते आणि टाकी पहाटेआधी रिकामी होऊ शकते. मग दमटपणा वाढवावा लागतो. म्हणजे ऋतू बदलला की हा एक आकडा बदलायचाच असतो. आणि कूलरच्या वाळ्याचा भुसा आणि धूळ मशीनच्या फिल्टरवर बसते. उन्हाळ्यात फिल्टर महिन्याला बदला, राखाडी दिसला तर त्याआधीही.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याने काही दिवसांतच तळाला पांढरा थर बसतो. तो पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून निघतो, मग टाकी स्वच्छ पाण्याने धुवायची. इन्व्हर्टरच्या दुकानातलं सुटं 'बॅटरीचं पाणी' श्वासाच्या मशीनमध्ये घालू नका. त्या कॅनमध्ये आधी काय होतं, ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. सीलबंद बाटली घ्या. पाणी रोज बदला, उरलेलं कुंडीत. ओझोनने निर्जंतुक करणारे डबे विकायला येतात, त्यांची गरज नाही. २०२१ मध्ये फिलिप्सने आतल्या फोमच्या कारणावरून लाखो मशीन परत मागवली, तेव्हा ओझोनने तो फोम लवकर झिजतो, असा इशाराही दिला होता. साबण आणि पाणी पुरे.

पहाटे लीक वाढण्याचं आणखी एक कारण आहे. गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारं ऑटो मशीन रेममध्ये दाब वाढवतं, आणि रात्री अकराला ८ वर नीट बसलेला मास्क पहाटे १३ वर गळतो. म्हणून मास्क बसवताना जास्तीच्या दाबावरही तपासा. पोटात हवा जाऊन पहाटे ढेकर आणि फुगारा येत असेल, तर उशाची बाजू थोडी उंच करा, कुशीवर झोपा आणि दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला.

लाईट गेली तर

वर्षातून काही रात्री मास्क निघण्याचं कारण वीज मंडळ असतं. इन्व्हर्टर असेल, तर दिवसा एकदा परीक्षा घ्या: मशीन चालू करून मास्क लावा आणि घरातल्या कोणाला मेन स्विच पाडायला सांगा. मशीन चालू राहतं, की बंद होऊन बटण दाबायची वाट बघत बसतं, हे रात्री दोनला कळण्यापेक्षा दुपारी कळलेलं बरं. मशीनची मोटर फारशी वीज खात नाही. टाकी आणि नळी गरम करायलाच जास्त लागते. बॅटरीवर रात्र काढायची असेल, तर गरम करणं बंद ठेवा. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला हवा थांबली की उघडणारी झडप असते. ती धुताना तुटली किंवा चिकटली नाही ना, हे अधूनमधून बघा.

घरी सुटणार नाही ते

एका वेळी एकच बदल करा आणि तीन-चार रात्री थांबा. मास्क, दमटपणा आणि उशी एकाच दिवशी बदलली, तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. एवढं करून लीक आटोक्यात आहे, वापर सहा-सात तासांचा आहे, तरी एएचआय सतत ५ च्या वर राहतो, किंवा दिवसा झोप तशीच येते, तर मास्कचा खेळ थांबवून डॉक्टरांकडे जा. दाब बदलावा लागेल. काही जणांत घसा मोकळा असूनही मेंदूकडूनच श्वासाचा निरोप येत नाही. मशीन सुरू केल्यावर असे प्रकार काहींत दिसतात, त्याची तपासणी आणि उपाय वेगळे आहेत. थायरॉइड, हृदयाचे अनियमित ठोके आणि झोपेची औषधं यांबद्दलही विचारा. गाडी चालवताना डोळा लागत असेल, तर हे सुटेपर्यंत किल्ली दुसऱ्याकडे द्या. आग्रा रोडवर पहाटे निघायचं तर मुळीच नको.

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनबद्दल आता सगळेच विचारतात. टिरझेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ प्रौढांच्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲपनियासाठी मान्यता मिळाली, हे खरं आहे. पण वजन उतरलं म्हणून आपणच मशीन बंद करायचं नाही. झोपेची तपासणी पुन्हा होते, त्यावर डॉक्टर ठरवतात.

तपासणीला जाताना मशीन, पॉवरची वायर, मास्क आणि एसडी कार्ड बरोबर न्या, आणि कालनिर्णयच्या त्या पानांचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. "झोप होत नाही" एवढंच सांगितलं, तर डॉक्टर सवय करा म्हणतील. "रोज सव्वादोनला निघतो, लीक ४०, नाक मोकळं, कुशन नवीन" असं सांगितलं, तर तिथून पुढे बोलणं सुरू होतं.